तिसऱ्या पातळीच्या खाली

अण्णांचा इच्छालेख हातात पडला, तेव्हा केतकीनं सगळ्यात आधी काय पाहिलं असेल? समास! कलमांचे आकडे एकाखाली एक आलेत ना, पोटकलमं सारखीच आत सरकलीत ना, टिंबांचे चौकोन तर झाले नाहीत ना. बाप अतिदक्षता विभागात नळीच्या आधारानं श्वास घेतोय आणि लेक कागदाची मांडणी तपासतेय. तिची तिलाच लाज वाटली. पण इच्छालेखांच्या केंद्रात कामाला असलेल्या तिनंच तो साचा घडवला होता आणि सवय अशी सहजासहजी जात नाही.

"वाचून घ्या, मॅडम," डॉक्टर घोरपडे म्हणाले. मिरजेच्या त्या इस्पितळात मेंदूचे डॉक्टर म्हणून त्यांचा दबदबा होता, पण बोलणं मऊ. "दुसरा झटका फार मोठा होता. ते आता शुद्धीवर येणार नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी मिळून लिहून दिलंय. पुढं काय करायचं ते अण्णांनी स्वतःच सांगून ठेवलंय, हे एक बरं. तुमच्यावर भार नाही."

केतकीनं वाचलं. नळी काढावी. रेंगाळत ठेवू नये. घरच्यांना कळवावे. रणजितला कळवू नये. थांबावे. दुकानाचा विषय काढू नये.

रणजित म्हणजे तिचा धाकटा भाऊ. अण्णा मोहिते म्हणजे सांगलीच्या हळद बाजारातलं जुनं नाव; हळकुंड नुसतं मोडून वास घेतला की कुठल्या शिवारातली हळद ते सांगणारा माणूस. पोरानं गादी चालवावी एवढीच त्यांची इच्छा. आणि पोरगा काय करतो, तर थेट तमिळनाडूत इरोडला जाऊन तिथल्या पेढीत भागीदार होतो! सांगलीच्या अडत्याच्या पोरानं इरोडची हळद विकायची म्हणजे अण्णांच्या लेखी घरभेदच. "माझ्या मयताला सुद्धा येऊ नकोस," असं भर पेठेत, हमालांच्या देखत त्यांनी त्याला सुनावलं होतं. रणजितही त्यांचाच मुलगा. तो खरंच आला नाही, ना सणाला ना दुखण्याखुपण्याला.

"डॉक्टर, हे 'थांबावे' काय आहे?"

"ते आमच्याही लक्षात आलं. पण तुमच्याच केंद्राची सूचना आहे ना, दोन कलमं एकमेकांना भिडली तर वरचं धरायचं? वर 'नळी काढावी' आहे. उद्या सकाळी काढू या."

केतकी हो म्हणाली. कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि जिन्यापर्यंत आली. तिथं मात्र तिचे पाय थांबले. अण्णा उगाच शब्द खर्च करणारा माणूस नव्हता. थांबा म्हणाले असतील, तर कशासाठी तरी थांबा म्हणाले असतील.

आता हा इच्छालेख काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. माणूस बेशुद्ध पडला, बोलता येईनासं झालं, की घरात जी ओढाताण होते, ती कुणी पाहिली नाही? एक म्हणतो नळी काढा, दुसरा म्हणतो ठेवा, आणि दोघंही शपथेवर सांगतात की त्यांची इच्छा तशीच होती. त्यावर उपाय म्हणून इच्छावृक्ष निघाला. माणूस धडधाकट असतानाच वर्षभर, जमेल तसं, केंद्रात येऊन यंत्राशी गप्पा मारायचा. गप्पा मरणाच्याच असत असं नाही. जेवणाच्या, भांडणांच्या, शेजाऱ्यांच्या, रुसलेल्या मेव्हण्याच्या. माणूस काय बोलतो एवढंच यंत्र टिपत नसे. बोललेलं कुठं फिरवतो, कुठल्या नावापाशी आवाज बदलतो, 'कधीच नाही' म्हणून मग कधी कधी करतो, हेही टिपत असे. त्यातून त्याच्या निर्णयांचं एक झाड तयार होई. म्हणजे मन नव्हे बरं का. मनातल्या वाटांचा नकाशा म्हणा हवं तर.

या झाडात एक गोष्ट महत्त्वाची. जे ज्याच्या खाली लटकतं, ते वरचं खरं ठरलं तरच लागू. समजा कुणी सांगितलं, भडंग करावं. त्याच्या खाली: घरात लहान मूल असेल, तर. त्याच्या खाली: तिखट घालू नये. आता ही उतरंड सपाट केली आणि मधली अर्धी ओळ गाळली, तर काय उरतं? भडंग करावं, तिखट घालू नये. सांगलीत असं भडंग कुणी पुढं केलं, तर माणूस उठून जाईल!

आणि नेमकं हेच झालं होतं. डॉक्टरांना आणि कोर्टाला झाड वाचता येत नाही, त्यांना साधा दस्तऐवज हवा. म्हणून झाडातली कलमं वर्ड प्रोसेसरच्या टेम्पलेटमध्ये ओतायची पद्धत पडली. झाडाला पातळ्या आठ-आठ, नऊ-नऊ. प्रत्येक इस्पितळाचा संगणक वेगळा. इथं नीट दिसणारी यादी तिथं उघडली की आकडे पुन्हा एकपासून सुरू होत, पोटकलमं उजवीकडं पळत पळत कागदाबाहेर जात. इस्पितळं वैतागली. तेव्हा सांगलीच्या केंद्रात टेम्पलेटचं काम पाहणाऱ्या केतकीनं तोडगा काढला: साच्यात पातळ्या तीनच, खालचं सगळं तिसरीवर एका रांगेत उभं करायचं, भाषा सरकारी करायची आणि अर्ध्या ओळी वाईट दिसतात म्हणून गाळायच्या. सगळीकडं एकसारखी, देखणी यादी उघडायला लागली. केंद्रानं तिला शाल-श्रीफळ दिलं. फोटोत ती हसतेय, बाजूला विद्याधर सर उभे आहेत.

विद्याधर आपटे हे केंद्रातल्या झाडांच्या विभागाचे प्रमुख. केतकीला कामाला लावलं त्यांनी, शिकवलं त्यांनी, आणि तीन पातळ्यांवर सही केली तीही त्यांनीच. "अगं, डॉक्टर सहाव्या पातळीपर्यंत वाचतात होय? तीन पुरे झाल्या," असं तेव्हा म्हणाले होते. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या, वृंदावहिनी. त्यांचाही लेख याच केंद्रातून निघाला होता, नळी काढायच्या कागदावर सरांनी सही केली होती. भेटेल त्याला ते सांगत, "वृंदानं स्पष्ट म्हटलं होतं, त्रास देऊ नये. मग मी कोण अडवणार?" त्या एका ओळीवर त्यांनी वर्ष काढलं होतं.

केतकी मिरजेहून थेट केंद्रात आली ती धापा टाकतच.

"सर, अण्णांचं मूळ झाड उघडाल का?"

सरांनी उघडलं. पडद्यावर फांद्या पसरल्या. दोघंही वाकून पाहायला लागले. रणजितला कळवू नये. त्याच्या खाली, चौथ्या पातळीवर: केतकीने कळवलेच, तर. पाचवीवर: आणि तो निघाला असेल, तर. सहावीवर: थांबावे. त्याच्याही खाली शेवटचं पान. अगदी टोकाच्या पानांवर यंत्र माणसाचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे ठेवत असे, कारण तिथं त्याचा हिशेब चालत नसे. तिथं लिहिलं होतं: 'आल्या आल्या दुकानाचं काढू नका म्हणावं कुणी. पोरगा दमून आलेला असतोय.'

केतकीच्या तोंडून हुंदकाच फुटला. इतकी वर्षं जेवताना रणजितचं नाव निघालं की ताट सरकवणारा हा माणूस, आणि आत हे! आणि हे सगळं तिनं स्वतः, एका रांगेत उभं करून, सपाट करून टाकलं होतं.

"दुरुस्तीपत्र द्या, सर. आज दिलंत तर उद्याचं थांबेल. मी लगेच रणजितला फोन करते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दुरुस्तीपत्रात कारण लिहावं लागतं, केतकी."

"लिहा ना. साच्यात पातळ्या गळाल्या म्हणून लिहा. चूक माझी म्हणून लिहा."

"चूक तुझी का माझी, हा प्रश्नच नाही. साचा चुकला असं एकदा लिहिलं, की या साच्यातून गेलेल्या प्रत्येक घराला कळवावं लागेल. कायदाच आहे तसा. प्रत्येक घराला."

तेव्हा कुठं केतकीच्या लक्षात आलं. मिरज ते सांगली इतकं अंतर आली, पण हा विचार काही तिच्या मनाला शिवला नव्हता. तिनं खुर्ची ओढली.

"सर, वहिनींचा लेख..."

"नाव घेऊ नकोस!" सर ओरडले. बाहेरची माणसं वळून पाहायला लागली. "तुझ्या अण्णांना चार घटका मिळाव्यात म्हणून माझ्या वृंदाला पुन्हा मारायला निघालीस होय गं? मी रोज स्वतःला काय सांगून झोपतो, ठाऊक आहे तुला? तेवढी एक ओळ आहे माझ्यापाशी. तीही काढून घे!"

ते तरातरा बाहेर निघून गेले. केतकी तिथंच बसून राहिली. ते खरंच म्हणत होते. पत्र मागितलं तर या माणसाचं उरलंसुरलं जातंय, नाही मागितलं तर उद्या सकाळी बाप मुलाची वाट पाहता पाहता जातोय, आणि ते कुणाला कळणारही नाही. सरांचे उपकार आठवले, वहिनींच्या हातचे दडपे पोहे आठवले. तरीही ती खुर्चीवरून उठली नाही. पत्राशिवाय परत जायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं आणि त्यासाठी तिला स्वतःचा रागही येत होता.

बऱ्याच वेळानं सर परत आले. डोळे लाल झाले होते. खुर्चीत बसून त्यांनी स्वतः पत्र टंकलं, सही केली, शिक्का मारला आणि तिच्यापुढं सरकवलं.

"भावाला फोन कर. उशीर करू नकोस." मग तिच्याकडं न बघताच म्हणाले, "वृंदाचं झाड मात्र मला दाखवू नकोस. कधीच."

रणजितनं फोन उचलला, केतकीनं अण्णांचं सांगितलं. मागं तमिळमध्ये कुणी हळदीच्या दराचे आकडे ओरडत होतं.

"आक्का, अण्णांनी बोलावलंय मला?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण खोटं बोलून बोलावलेलं अण्णांना चाललं नसतं.

"बोलावलेलं नाही रे. पण तू निघालास तर थांबणार आहेत."

पलीकडचा आवाज एकदम बंद झाला. बहुतेक त्यानं फोन छातीशी धरला असावा.

"निघालो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नळी काढली नाही. डॉक्टर घोरपड्यांनी पत्र वाचलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मॅडम, या साच्यातले किती लेख मी पाळलेत..." दुपार कलायच्या सुमाराला रणजित आला. पोट सुटलं होतं, केस पांढरे व्हायला लागले होते आणि बोटं मात्र अण्णांसारखीच पिवळी. हळदीच्या माणसाची बोटं कितीही धुतली तरी पिवळीच राहतात.

"रणू, दुकानाचं काही काढू नकोस हं," केतकीनं दारातच सांगितलं.

"का?"

"अण्णांनीच सांगितलंय."

त्यानं मान हलवली, आत जाऊन अण्णांचा हात हातात घेतला आणि बसला. पिवळी बोटं पिवळ्या बोटांत. बोलायला विषय दुसरा असणार कुठला? दोघांचं उभं आयुष्य हळदीत गेलेलं. शेवटी न राहवून तो म्हणाला, "अण्णा, राजापुरी हळदीला यंदा भाव चांगला लागलाय. आमच्याकडंसुद्धा लोक सांगलीचीच मागतात. मी सांगतो त्यांना, माझ्या बापाकडं जावा म्हणून." एवढं बोलला आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. केतकीनं त्याला अडवलं नाही. अण्णांना ते ऐकू गेलं का, हे विज्ञानाला सांगता येत नाही, आणि आपणही उगाच सांगू नये. संध्याकाळी नळी काढली. अण्णा शांतपणे गेले. रणजितनं पाणी दिलं.

पुढचं सगळं ओढत ओढत झालं. केतकीला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं, साचा बंद झाला, घराघरांत पत्रं गेली. काही लोक तरातरा केंद्रात येऊन भांडून गेले, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बरेचसे आलेच नाहीत. एक आजी केतकीच्या घराचा पत्ता शोधत आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, आमचं वाचू नका. आमचं जसं झालं तसं बरं झालं." आणि आल्या पावली परत गेल्या. केतकीला त्यांचा राग आला नाही. आपल्यावर ही वेळ आली असती तर आपणही हेच केलं असतं, असं तिला वाटलं.

अण्णांचे दिवस झाले. रणजित इरोडला परत गेला, जाताना दुकानाची किल्ली बहिणीकडं मागून घेऊन गेला. पुढच्या हंगामाला येतो म्हणाला. आणि त्यानंतर एका दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर विद्याधर सर उभे होते, हातात बंद पाकीट.

"येऊ का?"

"हे काय विचारणं झालं, सर? या ना."

ते बसले. पाकीट मांडीवर ठेवलं, त्याच्यावर हात ठेवला.

"वृंदाचं झाड छापून आणलंय. साच्याशिवाय. मी पाहिलेलं नाही. चपराशाला काढायला सांगितलं आणि तसंच पाकिटात घातलं. केतकी, एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. 'त्रास देऊ नये' एवढंच मी सगळ्यांना सांगत आलो. लेखात त्याच्या वर 'सही घ्यावी' होतं, खाली 'डॉक्टरांनीच ठरवावे'; दोन्ही भिडली म्हणून वरचं धरून माझी सही घेतली. त्यांच्याखाली आणखी एक ओळ होती. 'बाहेर पाठवावे.' मला बाहेर पाठवावे, म्हणून. सही झाल्या झाल्या नर्सनं मला बाहेर काढलं आणि दार लावलं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि शेवटच्या वेळी तिला मी तिथं नको होतो. का नको होतो, याचाच विचार करतोय वर्षभर. काय असेल ते असू दे, वाच तू. मला झेपत नाही."

केतकीनं पाकीट फाडलं. कागद आडवा छापलेला होता, आणि तरीही ओळी उजवीकडं सरकत सरकत पार कडेला जाऊन भिडल्या होत्या. किती कुरूप दिसत होतं ते! तिनं वाचायला सुरुवात केली. आवाज नीट राहावा म्हणून एकेक ओळ सावकाश वाचत गेली.

"नळी काढण्याचा निर्णय. त्याच्या खाली, विद्याधर यांची सही घ्यावी. त्याच्या खाली," तिनं ओळीवर बोट ठेवलं, "ते घाबरलेले असतील, तर. त्याच्या खाली, त्रास देऊ नये. डॉक्टरांनीच ठरवावे."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे त्रास मला?" त्यांनी विचारलं. "मला देऊ नये म्हणत होती ती?"

"हो, सर."

"आणि मी घाबरलो होतो गं. पेन धरता येत नव्हतं मला. नर्सनं हात धरून करून घेतली सही. तिला ठाऊक होतं. ती सांगून गेली होती, याला विचारू नका म्हणून. आणि आपण दोघांनी..."

साचा करताना तीन पातळ्या पुरे म्हणणारे ते होते, आणि तीन पातळ्या करणारी ती. वहिनी तशाही गेल्याच असत्या. पण त्या सरांच्या हातून जायच्या नव्हत्या, एवढीच त्यांची इच्छा होती.

"अजून एक पान आहे, सर. शेवटचं. त्यांच्याच शब्दांत."

"वाच."

केतकीनं वाचलं. "'ह्यांना बाहेर चहाला पाठवा आणि मग काय ते करा. असल्या दिवशी सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नसतो ह्यांनी.'"

हात पुढं करून सरांनी कागद घेतला आणि ती शेवटची ओळ, कागदाच्या कडेला चिकटलेली, बोटानं चाचपून पाहिली.

"नव्हताच घेतला," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "चहा टाकतेस का गं थोडा?"

केतकी आत गेली. आधण ठेवलं, आलं ठेचून टाकलं. बाहेरून त्यांच्या रडण्याचा आवाज आला, आधी दाबलेला, मग मोकळा. तिनं स्वतःचे डोळे पदराला पुसले आणि गॅस अगदी बारीक केला. चहा उकळून उकळून निम्मा झाला, तरी ती बाहेर गेली नाही.